निकेलशिवायचं जंक्शन कुठे आहे?

चि.,

वीस नॅनोमीटर कोबाल्टमधून एका सॅम्पलमध्ये अतिवाहक प्रवाह मिळाला, पुढची सगळी सॅम्पलं कोरडी गेली, आणि गाइड म्हणतात, मिळालाय तोच छापून टाक. तू गोंधळलीस ते बरंच झालं. पण तुझ्या ग्राफांत निकेलचा थर न घातलेलं जंक्शन (दोन अतिवाहकांमध्ये चुंबकीय कोबाल्ट, एवढंच) कुठे आहे?

साधी कूपर जोडी, म्हणजे अतिवाहक प्रवाह वाहणारी उलट स्पिनच्या दोन इलेक्ट्रॉनांची जोडी, कोबाल्टमध्ये काही नॅनोमीटरांतच मोडते, हे तुला माहीत आहे. पलीकडे पोचतात त्या समान स्पिनच्या जोड्या. सीमेवरचं चुंबकन कोबाल्टशी तिरकं असेल तरच (तुझा निकेलचा थर त्यासाठीच) त्या तयार होतात, हे बर्जेरे, व्होल्कोव्ह, एफेटोव्ह यांनी २००१ सालीच मांडलं. २००६ मध्ये कायझर आणि सहकाऱ्यांना क्रोमियम डायऑक्साइडमधून प्रवाह मिळालाही, पण सॅम्पलागणिक आकडे कुठल्या कुठे जायचे. मला पटलं ते २०१० मध्ये. मिशिगन स्टेटमधल्या बर्ज यांच्या गटाने कोबाल्टच्या दोन्ही अंगांना पॅलेडियम-निकेल घातलं. कोबाल्ट १२ वरून २८ नॅनोमीटरवर नेला तरी प्रवाह जेमतेम हलला. आणि थर न घातलेली जंक्शनंही त्यांनी मोजली! तिथे तो धाडकन कोसळला. ती मोजणी नसती, तर पहिल्या ग्राफाला काय किंमत होती?

कंट्रोल कर, म्हणजे निकेल न घातलेलं जंक्शनही मोज. त्याच खेपेत, व्हॅक्यूम न मोडता, शेजारच्या वेफरवर. कंट्रोलशिवाय तुझा वीस नॅनोमीटरचा प्रवाह म्हणजे कदाचित कडेचं फुटलेलं इन्सुलेशन असेल.

फ्राउनहोफर, म्हणजे चुंबकीय क्षेत्राबरोबर प्रवाह कसा बदलतो त्याचा ग्राफ, वेडावाकडा येतो म्हणून रडू नकोस, तुझा हात वाईट नाही. कोबाल्टचा स्वतःचा चुंबकीय फ्लक्स आड येतो. त्याचे दोन थर कर, मध्ये ०.६ नॅनोमीटर रुथेनियम घाल. दोन्ही एकमेकांविरुद्ध चुंबकतात आणि फ्लक्स कटतो. हेही बर्ज यांच्याच गटाचं.

मी कंट्रोल करत बसले तेव्हा दुसऱ्यांचा पेपर आधी आला, बढतीही मागे पडली. वाईट वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. ते नाव संदर्भयादीत दिसलं की अजून टोचतं. पण छापलेला एकही आकडा मला मागे घ्यावा लागला नाही. ही बढाई नव्हे. बरं, थोडी आहे.

हेलियम मिळत नाही ही सबब मला सांगू नकोस. एकाच खेपेत दोन्ही जंक्शनं थंड होतात. पुढच्या वेळी पत्र दोन ओळींचं चालेल, पण दोन्ही ग्राफ एकाच अक्षावर काढून पाठव. आणि गाइडना माझं नाव सांगू नकोस, त्यांचं माझं जुनं आहे.