पिवळं पान आणि लोह
पान पिवळं दिसलं की लगेच लोह मोजायला धावू नकोस. आधी बघ, कुठलं पान पिवळं पडलंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाच्या कमतरतेचा संशय घे. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र (नायट्रोजन) कमी. नत्र जुन्या पानांतून नव्या पानांकडे सरकतं, लोह फारसं सरकत नाही.

चुनखडीच्या जमिनीत गंमत होते. पिवळ्या पानातलं एकूण लोह कधीकधी हिरव्याइतकंच भरतं! पहिल्या वर्षी मी मोजणाऱ्या यंत्रालाच शिव्या घातल्या होत्या. म्हणून एकूण लोह नको, पानाच्या कामी येणारं फेरस लोह मोज. ताजी पानं चिरून ऑर्थो-फिनँथ्रोलीनमध्ये (फेरस लोहाशी जुळून रंग देणारं रसायन) रात्रभर ठेव, येणारा नारिंगी रंग ५१० नॅनोमीटरवर मोज. आणि पानं आधी नीट धू गं, नाहीतर धुळीतलंच लोह मोजत बसशील.