नऊ माणसं जमवून नवऱ्याची दारू सुटेल का?

“रविवारी सगळे जमणार आहेत. जेवणं झाली की ह्यांना मध्ये बसवायचं आणि एकदाचं बोलायचं. बॅग भरून ठेवलीय. नाही ऐकलं तर मावसभाऊ उचलून गाडीत घालतील.”

नाशिकच्या सिडकोतल्या एक ताई हा बेत घेऊन आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). नवरा अंबडच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर, वय 42. जमणारी माणसं नऊ. त्यात निफाडचे मामा, जे स्वतः रोज संध्याकाळी ‘बसतात’.

बसवून बोलणं चुकीचं नाही. पण नऊ जणांनी बेसावध गाठलं की माणसाला दारूचं काही ऐकू येत नाही, फक्त अब्रू गेल्याचं कळतं. उचलून नेण्याचा विषय तर तिथेच संपवावा लागला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार संमतीशिवाय भरती करायला घरच्यांचा शब्द पुरत नाही. नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने नेमलेल्या माणसाचा) अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि तशी भरतीही आधी जास्तीत जास्त 30 दिवसांची.

मग पिण्याचं मोजमाप. “रोज एक क्वार्टर, कधी दोन.” 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढचा होता: सकाळी चहा पिताना कपबशी वाजते का?

ताई थोडं थांबल्या. “वाजायची. आता ते चहा स्टीलच्या ग्लासात घेतात.”

सकाळी हात थरथरणं म्हणजे शरीर दारूवर टेकलेलं आहे. अशा माणसाची दारू घरात एकदम बंद केली तर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो, नसलेलं दिसायला लागतं, आणि जीवही जाऊ शकतो. ताईंनी मग स्वतःहूनच सांगितलं, की पौषात त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेत नवऱ्याने माळ घातली होती. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून ते चादर झटकत बसले. सासूबाईंना वाटलं बाहेरचं काही असावं. शेवटी भावानेच थोडी पाजली, तेव्हा शांत झाले. माळ उतरली आणि घरात ‘देवालाही फसवलं’ हा शिक्का बसला.

ते फसवणं नव्हतं, दारू तुटल्याचा आजार होता. औषधाखाली माळ टिकली असती की नाही, कोण सांगणार? पण औषधाविना त्या शरीराला ती टिकवणं फार अवघड होतं.

दुसरी कबुली डाळीतल्या पुडीची. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतली. त्या पुड्यांमध्ये काय असतं ते कळत नाही, आणि डायसल्फिराम (दारू सोसू न देणारं औषध) असलं तर वर दारू पिणाऱ्याचा रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध डॉक्टर देतात, रुग्णाला सांगून. पुडी त्या दिवशीच बंद.

बैठकीला तिघंच ठरले. ताई, नवऱ्याची सिन्नरची धाकटी बहीण (भाऊ जिचं ऐकतो), आणि कारखान्यातल्या त्याच खात्यातला एक मित्र, ज्याची दारू सुटून तीन वर्षं झाली होती. मामा बाद. मुलांना बहिणीच्या घरी पाठवायचं. वार रविवार नाही, पगाराच्या आसपासचा दिवस तर नाहीच. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ते सकाळी अकराच्या सुमारास ‘पाय मोकळे करायला’ बाहेर पडत, म्हणून वेळ सकाळी साडेआठची. उतरलेली असते, थरथर अजून फार चढलेली नसते. जिथे मारहाण होते तिथे मात्र बैठक नाहीच, आधी स्वतःची सोय: 112 (तातडीची मदत) किंवा 181 (महिला हेल्पलाइन).

प्रत्येकाने चार ओळी लिहून आणायच्या आणि वाचायच्या. ताईंच्या पहिल्या कागदावर होतं, “तुम्ही घराची वाट लावली.” तो फाडला. दुसऱ्यावर: “अहो, गेल्या गुरुवारी छोटीच्या फीचे साडेसहा हजार डब्यात नव्हते. मी शाळेत खोटं बोलले. मला भीती वाटते.” मागणी एकच, ‘कायमची सोडा’ नव्हे, तर “आज अकरा वाजता डॉक्टरकडे चला.” अपॉइंटमेंट आधीच घेतलेली, भरती लागली तर खाट आहे का ते विचारून ठेवलेलं. पिशवीत कामगार विम्याचं ईएसआय कार्ड, आधार, जुन्या चिठ्ठ्या, दोन जोड कपडे.

‘नाही’ म्हणाले तर काय, हेही लिहिलं. इथे बहुतेक घरं घसरतात, कारण ‘माहेरी जाईन’ सारखी पाळता न येणारी धमकी देतात. इथे दोनच गोष्टी ठरल्या: सासूबाईंनी सुपरवायझरला ‘ताप आलाय’ असा फोन करायचा नाही, आणि उसनवारी कोणी फेडायची नाही. सासूबाईंना पटवायला दोन भेटी लागल्या.

अमेरिकेत 1999 साली छापून आलेल्या एका अभ्यासात सामोरं बसवण्याच्या पद्धतीने 30 टक्के पिणारे उपचारापर्यंत आले, घरच्यांना रोजचं वागणं बदलायला शिकवलं तिथे 64 टक्के. पहिल्या गटातल्या बऱ्याच कुटुंबांनी ती बैठक घेतलीच नव्हती. म्हणून बैठकीपेक्षा फोन न करण्यावर जास्त वेळ घालवला.

बैठक बारा मिनिटं चालली. “कोणी शिकवलं तुला हे?” म्हणत ते चपला घालून निघाले. उंबऱ्याशी असताना बहिणीने शेवटची ओळ वाचली: “दादा, त्र्यंबकला तू माळ मोडली नाहीस. तेव्हा तू आजारी होतास, आम्हाला कळलं नाही.” ते थांबले, वळले नाहीत, गेले. रात्री पिऊनच आले.

दोन दिवस खाडा पडला. फोन कोणी केला नाही. चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी बहिणीला विचारलं, “कुठला डॉक्टर म्हणत होतीस?” असा होकार काही तासच टिकतो, साडेनऊला ते ओपीडीत होते. रिकाम्या पोटी, दारू न घेता निघणार होते, ते चालेल का हे मित्राने फोनवर डॉक्टरांना विचारून घेतलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न: शेवटची कधी घेतली? मग बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, थरथर आणि फिट आवरणारी, रोज कमी करत न्यायची गोळी, आणि आठवडाभर भरती.

घरात असं कोणी असेल आणि सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर 14446 ही व्यसनमुक्तीची आणि 14416 ही टेलिमानसची मोफत हेल्पलाइन आहे. पिणाऱ्यानेच फोन करायला हवा असं नाही.

भरतीच्या दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचाच फोन आला. सासूबाईंनी उचलला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “दारूच्या उपचाराला ठेवलंय त्याला. आठ दिवस लागतील.”