वाचकांचे प्रश्न : शांताराम, कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंनी

प्रश्न : व्ही. शांताराम नट म्हणून मोठे की दिग्दर्शक म्हणून? त्यांनी नेमक्या किती भूमिका केल्या?

उत्तर : दिग्दर्शक म्हणून, आणि यात वादाला फारशी जागा नाही. मूकपटांच्या काळात ते बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत नट होते. 'सावकारी पाश' (१९२५) मधला तरुण शेतकरी त्यांचाच. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिल्यावर 'उदयकाल' मध्ये त्यांनी शिवाजी महाराज केले. या चित्रपटाचे आधीचे नाव 'स्वराज्याचे तोरण' होते, पण 'स्वराज्य' हा शब्द इंग्रजी सेन्सॉरला खपला नाही. मात्र 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' या प्रभातच्या गाजलेल्या बोलपटांत ते पडद्यावर कुठेच दिसत नाहीत. ते ठळकपणे परतले राजकमल या स्वतःच्या चित्रसंस्थेच्या काळात : 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६), 'परछाईं' (१९५२), 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'स्त्री' (१९६१). कोटणीस मूळचे सोलापूरचे, त्यामुळे ही भूमिका मराठी प्रेक्षकाला जवळची.

प्रश्न : स्वतः काम करताना दिग्दर्शन कसे जमते? चुका कुठे होतात?

उत्तर : त्या काळी सेटवर मॉनिटर नसे. आपले काम कसे झाले हे फिल्म धुऊन आल्यावरच कळे. म्हणून प्रकाशयोजनेच्या वेळी आपल्याच उंचीचा माणूस जागेवर उभा करून चौकट ठरवायची, जमिनीवर खडूची खूण करायची आणि टेकवर नजर ठेवायला भरवशाचा सहायक नेमायचा, हा सर्वसाधारण रिवाज. घोटाळा होतो तो समोरच्या नटाबाबत. दिग्दर्शकाचे लक्ष त्याच्या कामाकडे गेले की स्वतःची प्रतिक्रिया अर्ध्या क्षणाने उशिरा येते, आणि संकलनात ते लपत नाही. 'दो आँखें'मधला जेलर आदिनाथ बराचसा स्थिर, कमी बोलणारा आहे. सहा कैदी हलतात, तो पाहत राहतो. आमच्या मते दिग्दर्शकाने स्वतःसाठी निवडलेली ही सर्वांत शहाणी भूमिका. (नावाचा हिशेबही तोच : जेलरचे दोन डोळे, सहा जणांचे बारा हात.)

कथेमागे औंध संस्थानातला आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा खुल्या तुरुंगाचा प्रयोग आहे आणि लेखन गदिमांचे. माडगूळकर त्याच माणदेशातले, म्हणून ते उसने वाटत नाही. बैलाच्या झुंजीच्या चित्रीकरणात शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. १९५८ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला 'रौप्य अस्वल' हा पुरस्कार मिळाला.

प्रश्न : 'सैरंध्री' (१९३३) रंगीत होता म्हणतात, मग पहिल्या रंगीत चित्रपटाचा मान 'किसान कन्या'ला का?

उत्तर : शांतारामांनी प्रभातसाठी केलेल्या 'सैरंध्री'चे रंगीत काम जर्मनीत झाले, बायपॅक पद्धतीने. ही द्विरंगी पद्धत, त्यामुळे सगळ्या छटा तिच्या आवाक्यात नसत. निकाल भडक आला आणि प्रयोग फसला. 'किसान कन्या' (१९३७) चे रंगकाम भारतात झाले, म्हणून देशात घडलेल्या पहिल्या रंगीत चित्रपटाचा मान तिचा.

प्रश्न : 'कुंकू' घरी पाहिला, पण फार शांत वाटला. प्रतच खराब होती का?

उत्तर : नाही, त्यात पार्श्वसंगीतच नाही. १९३७ मध्ये हे धाडसच होते. करुण प्रसंगात व्हायोलिन नाही, घरातले खरे आवाज आहेत, आणि म्हाताऱ्या काकासाहेबांचे घड्याळ हे तर जवळजवळ एक पात्रच आहे. टीव्हीवर आवाज साफ करणारी सोय चालू असेल तर नेमकी अशी बारीक टिकटिक गिळली जाते. ती बंद करा किंवा हेडफोन लावा. चित्राची चौकट ४:३ ठेवा. पडदाभर ताणली तर शांता आपटे आणि केशवराव दाते दोघेही विनाकारण जाडे दिसतात.

आणखी एक खबरदारी : 'दुनिया न माने' ही याचीच हिंदी आवृत्ती. प्रभातमध्ये मराठी आणि हिंदी आवृत्त्या जोडीने होत आणि कधी नटही बदलत. 'शेजारी'त जिवबा केशवराव दाते, तर 'पडोसी'त ठाकूर मझहर खान, आणि मिर्झा दोन्हीकडे गजानन जागीरदार. म्हणजे हिंदीत हिंदू शेजारी मुसलमान नटाने केला आणि मुसलमान शेजारी हिंदू नटाने. ही अदलाबदल बघायची असेल, तर 'पडोसी'च शोधा.