निर्यातीचा परतावा अडकला, तर

प्रश्न : आयजीएसटी (एकात्मिक वस्तू व सेवा कर) भरून सांगलीचा बेदाणा न्हावाशेवाहून पाठवला. परतावा येत नाही. कस्टम्सच्या ‘आइसगेट’ संकेतस्थळावर ‘एसबी००५’ हा त्रुटीचा संकेतांक दिसतो. काय करू?

उत्तर : शिपिंग बिलावरचा (कस्टम्सकडे भरलेल्या निर्यातीच्या कागदावरचा) आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या तक्ता ६ए मधला इन्व्हॉइस क्रमांक जुळत नाही. एका ठिकाणी ‘०४५’ आणि दुसरीकडे ‘४५’ एवढ्यानेही पैसे अडतात. चूक विवरणपत्रात असेल तर पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये तक्ता ९ए भरून दुरुस्त करा. शिपिंग बिलात असेल, तर शिपिंग बिलातला आणि जीएसटीचा अशा दोन्ही इन्व्हॉइसचे मेळपत्रक (कोणता कशाशी जुळतो याचा तक्ता) कस्टम्सकडे द्या. दुरुस्ती अधिकारी करतील. यात भांडवल अडकते, म्हणून शिपिंग बिलाचा मसुदा, म्हणजे चेकलिस्ट, मंजूर करण्यापूर्वी एकेक अंक, रेघ स्वतः ताडून पाहा. हे निव्वळ सीएचएवर (कस्टम्स एजंटवर) सोडू नका. आयईसीही (आयात-निर्यात संकेतांक नोंदणी) दरवर्षी एप्रिल-जूनमध्ये अद्ययावत करा, बदल नसला तरी. नाहीतर ती निष्क्रिय होते.