पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जायचंय ना, मग हे वाच

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी रिक्षात होते त्यामुळे धड बोलता आलं नाही, म्हणून आज निवांत बसून लिहितेय. तुझा बॉयफ्रेंड जर्मनीत स्टुटगार्टला, तू पुण्यात, एकदा तीन आठवडे जाऊन आलीस आणि आता दर चार-सहा महिन्यांनी जायचंय तर दर वेळी हा सगळा व्हिसाचा खटाटोप पहिल्यापासून करायचा का, हा तुझा प्रश्न. तर नाही, नेहमी नाही करावा लागत, पण त्यासाठी पहिली दोन-तीन वर्षं नीट वागावं लागतं.

त्याच्या आधी दुसरंच. तू म्हणालीस की ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलंय बॉयफ्रेंडचं नाव काढू नकोस, टुरिझम लिही आणि नंतर कॅन्सल होणारं हॉटेल बुकिंग लाव. हे करू नकोस गं. मी केलंय. तुझे काका तेव्हा युरोपातल्याच दुसऱ्या एका देशात होते, आमचं लग्न झालेलं नव्हतं, आणि एका एजंटने मला हेच शिकवलं होतं. अकरा रात्रींचं हॉटेल, रोज काय बघणार त्याचा तक्ता, आणि त्यात ज्या माणसासाठी मी जाणार होते त्याचा उल्लेखच नाही. पासपोर्ट परत आला तेव्हा आत एक छापील कागद होता, त्यावर कारणांची यादी असते आणि तुमच्या कारणासमोर खूण केलेली असते. माझी खूण होती प्रवासाचा उद्देश आणि मुक्काम याबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, या ओळीसमोर. आणि ते खरंच होतं ना, मी खोटंच लिहिलं होतं. त्यानंतर आठ महिने आम्ही भेटलो नाही, मधे त्याचं ऑपरेशन झालं ते मला इथे फोनवर कळत होतं. तो कागद मी अजून ठेवलाय. शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या, सिस्टिममध्ये असा नकार पाच वर्षांपर्यंत राहतो आणि पुढचा अर्ज बघणाऱ्या माणसाला तो दिसतो, म्हणून म्हणते.

तर कव्हरिंग लेटरमध्ये सरळ लिही की हा माझा पार्टनर, अमुक सालापासून ओळख, तो तिकडे ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी लोकांना नोकरीसाठी मिळतं ते परमिट) नोकरी करतो, मी त्याच्या घरी इतके दिवस राहणार, अमुक तारखेला परत येऊन अमुक तारखेला ऑफिसला रुजू होणार. एक पान पुरे. प्रेमाची कहाणी नको, व्हॉट्सॲपचे चाळीस स्क्रीनशॉट नकोत. त्याच्याकडून आमंत्रणाचं पत्र, त्याच्या पासपोर्टची आणि रेसिडन्स परमिटची कॉपी, घराच्या पत्त्याचा पुरावा. तुझ्याकडून रजा मंजूर झाल्याचं कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, आयटीआर आणि कमीत कमी 30,000 युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स. समोरचा माणूस एकच गोष्ट शोधत असतो, ही मुलगी परत येईल का. त्याचं उत्तर तुझ्या पुण्यातल्या आयुष्यात आहे, त्याच्या स्टुटगार्टच्या पगारात नाही.

म्हणूनच तू विचारलंस ना की त्याने खर्चाची हमी द्यावी का, ते जे तिकडच्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसमध्ये जाऊन 29 युरो भरून करतात, माझं मत आहे की तुझ्या खात्यात पुरेसे पैसे असतील तर नको. नोकरी नुकती लागलेली असती किंवा शिकत असतीस तर मी उलटं सांगितलं असतं. तू कमावतेस, तर तुझा खर्च तुझ्या नावाने दाखव.

आता मुख्य मुद्दा. 18 एप्रिल 2024 ला युरोपियन युनियनने भारतीयांसाठी वेगळा नियम केला, त्याला कॅस्केड म्हणतात, म्हणजे पायरीपायरीने मोठा होत जाणारा व्हिसा. भारतात राहणाऱ्या माणसाने गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमाने वापरले असतील तर पुढचा व्हिसा साधारणपणे दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री, म्हणजे पुन्हा पुन्हा जाता येईल असा, मिळतो, आणि तो नीट वापरला की त्यानंतर पाच वर्षांचा. आमच्या वेळी हे नव्हतं, दर वेळी तिकिटावरच्या तारखांना चिकटून पंधरा-वीस दिवसांचा व्हिसा मिळायचा आणि परत आल्या आल्या पुढच्याची तयारी. यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, नियम दोन व्हिशांचा आहे, दोन फेऱ्यांचा नाही. तुझा एक झालाय. हा येतोय तो दुसरा. तिसऱ्या अर्जाला तू दोन वर्षांच्या व्हिशासाठी पात्र. तरी आत्तासुद्धा फॉर्ममध्ये मल्टिपल एन्ट्रीवर टिक कर आणि पत्रात लिही की दिवाळीनंतर परत जायचा विचार आहे, मिळाला तर चांगलंच.

आणि पासपोर्ट बघ. तू म्हणालीस चौदा महिने उरलेत. पासपोर्टच लवकर संपणार असेल तर त्यावर दोन वर्षांचा व्हिसा कसा देतील? तिसऱ्या अर्जाच्या आधी तो रिन्यू झालेला हवा, जुना पासपोर्ट मात्र सांभाळून ठेव, वापरलेले व्हिसे त्यातच आहेत. फी सध्या 90 युरो आहे आणि अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. बोटांचे ठसे एकदा दिले की 59 महिने चालतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला नियमाने पंधरा दिवस पण पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात, तू दोन-अडीच महिने हातात ठेवून कर.

दोन वर्षांचा व्हिसा म्हणजे दोन वर्षं राहायची परवानगी नाही हे आईलाही समजावून सांग, ती मला विचारत होती. कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, आणि हे दिवस सगळ्या 29 शेंगेन देशांचे मिळून. पॅरिसला चार दिवस भेटलात तरी त्यातूनच जाणार. मी हे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीने मोजायचे, पोचल्याचा दिवस धरून, निघाल्याचा दिवसही धरून. समज तू 1 मार्च ते 14 एप्रिल राहिलीस, 45 दिवस झाले. परत 1 जुलै ते 14 ऑगस्ट, अजून 45. आता 14 ऑगस्टला बोट ठेवून मागे 180 दिवस मोज, फेब्रुवारीच्या 16 तारखेला पोचशील, म्हणजे दोन्ही मुक्काम आतच आहेत, 90 संपले. 15 ऑगस्टला एक दिवसही जास्त राहता येणार नाही. मग परत कधी? 28 ऑगस्टला, कारण त्या दिवशी 1 मार्च या 180 दिवसांच्या खिडकीच्या बाहेर पडतो आणि तिथून पुढे रोज एकेक जुना दिवस सुटत जातो. सहा महिने झाले की मीटर शून्यावर येतो असं जे लोक सांगतात ते चूक आहे, खिडकी रोज पुढे सरकते. युरोपियन कमिशनच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे, पण एकदा तरी हाताने मोज म्हणजे डोक्यात बसेल. आणि 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्यांच्या जागी कॉम्प्युटरवर नोंद आलीये, त्यामुळे एक दिवस इकडेतिकडे झाला तर कुणाच्या लक्षात येणार नाही हे विसर.

लॅपटॉप नेऊन तिथून काम करते, रजा वाचते, असं तू ओझरतं म्हणालीस. नको. हा व्हिसा भेटीचा आहे, कामाचा नाही. रजा काढ, आणि रजा संपत असेल तर त्याला इकडे येऊ दे. त्याला इथे यायला व्हिसा लागत नाही, नाशिकचा मुलगा आहे, जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने कमीत कमी 20 दिवस भरपगारी सुट्टी असते आणि बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात. दर वेळी तूच का जायचंस? एक फेरी तुझी, एक त्याची, म्हणजे तुझे दिवसही उरतात आणि तुझ्या आईबाबांना तो दिसतो तरी.

जर नकार आलाच तर, पूर्वी जर्मनीच्या वकिलातीकडे पुनर्विचाराचं पत्र देता यायचं, ते 1 जुलै 2025 पासून बंद झालंय. आता एकतर बर्लिनच्या कोर्टात जायचं नाहीतर नकाराचं कारण दुरुस्त करून नवा अर्ज करायचा. पहिलाच अर्ज पक्का कर.

शेवटचं आणि हे जरा अवघड आहे. किती वर्षं असं जाणार-येणार, हे तुम्ही दोघांनी बोललाय का? लग्न न करता जोडीदार म्हणून राहायचा व्हिसा नेदरलँड्स, स्वीडन देतात, जर्मनी देत नाही. लग्न केलंत तर मात्र त्याच्या ब्लू कार्डमुळे तुला ए-वन या अगदी पहिल्या पातळीच्या जर्मन परीक्षेचीही अट नाही, आणि गेल्या गेल्या नोकरी करता येते. शेंगेनवर जाऊन तिथेच बदलून घेऊ असा हिशोब करू नका, तिथे कायम राहायला लागणारा नॅशनल व्हिसा इथून घेऊनच जायचा असतो. भारतातलं अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) जर्मनी मानत नाही, कागदपत्रं तपासायला लावली तर महिने जातात, तेव्हा जन्मदाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकच आहे ना ते आत्ताच बघ. लग्न इतक्यात नको असेल तर तुझ्या स्वतःच्या डिग्रीवर ऑपॉर्च्युनिटी कार्ड आहे, 2024 च्या जूनपासून सुरू झालंय, वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते. तोही रस्ता आहे आणि तो पूर्णपणे तुझा आहे. मी घाई करत नाहीये, पण चार वर्षं एअरपोर्टवर निरोप घेतलेत, त्याने माणूस किती थकतं ते मला माहितीये.

शनिवारी सकाळी ये. तुझ्या आणि त्याच्या पासपोर्टच्या कॉपी, रजेचं पत्र, आणि त्याने पाठवलेलं आमंत्रण घेऊन ये, त्यावर त्याची सही आहे ना तेवढं बघून घे. कव्हरिंग लेटर इथेच बसून लिहू, पोहे करते.

तुझी मावशी