चार दिवस झाले तरी उतरलं नाही, तर?

एलएसडी आणि मॅजिक मशरूम, म्हणजे भास घडवणाऱ्या नशांबद्दल तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच उत्तरं देतोय.

एलएसडी सीआयएने शोधलं ना?
नाही. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सँडोझ औषध कंपनीत आल्बर्ट हॉफमनने बनवलं, परिणाम त्यालाच १९४३ मध्ये चुकून कळला. सीआयएने नंतर लोकांना न सांगता पाजलं, ते मात्र खरं.

मशरूम नॅचरल असतात, मग सेफच ना?
धोतराही नॅचरलच आहे.

भावाने चार दिवसांपूर्वी एलएसडी घेतलं. झोपत नाही, फोन कोणीतरी ऐकतंय म्हणतो. मित्र म्हणतात उतरेल. किती थांबू?
थांबू नका, आजच न्या! एलएसडीचा असर साधारण आठ ते बारा तास, मशरूमचा चार ते सहा. चौथ्या दिवशी जे दिसतंय ती नशा नाही, तो सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) असू शकतो, किंवा मेनिया (मन बेफाम धावत सुटणं), आणि हे मित्र कोण डॉक्टर लागून गेलेत देव जाणे. लोक लिंबूपाणी पाजतात, अंधाऱ्या खोलीत झोपवतात, कुणाला कळू नये म्हणून आठवडा काढतात आणि पेशंट माझ्याकडे येतो तेव्हा त्याने जेवणसुद्धा सोडलेलं असतं, कारण त्यात विष आहे असं त्याला वाटतं. उपचार जितके उशिरा तितकं सावरणं अवघड. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर धोका जास्त, ते लपवू नका. काय घेतलं, कधी घेतलं, सोबत गांजा होता का, सगळं सांगा. त्याच्याशी वाद घालू नका, एकटं सोडू नका. ताप, झटके किंवा जिवाचं बरंवाईट करायची भाषा असेल तर थेट इमर्जन्सीत.

मायक्रोडोसच्या (अगदी थोड्या डोसच्या) गमीज ऑनलाइन मिळतात, घेऊ?
नको. पाकिटावर 'मशरूम ब्लेंड' छापलं की आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. एलएसडी म्हणून विकलेल्या कागदात एनबोम हे दुसरंच ड्रग निघालंय, त्याने माणसं मेलीत. आणि प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली डोसशी) तुलना केली तेव्हा मायक्रोडोसचा बराचसा फायदा अपेक्षेचाच निघाला.

डिप्रेशनवर मशरूममधलं सायलोसायबिन चालतं म्हणे, गोळ्या बंद करू?
अजिबात नाही. ट्रायलमध्ये पेशंट निवडून घेतात, शेजारी थेरपिस्ट बसलेला असतो. लिथियमवर (बायपोलरच्या औषधावर) असताना हे घेऊन झटके आलेत, आणि लिथियम अचानक सोडलं तर आजार उलटतो. तुमच्या डॉक्टरांशी बोला.

घेऊन दोन महिने झाले, अजून भिंती हलताना दिसतात.
गांजा चालू असेल तर आधी तो बंद, मग सायकियाट्रिस्टला दाखवा. ते गरज वाटली तर डोळे आणि मेंदूही तपासायला सांगतील.