परसबाग प्रश्नोत्तरे: जांभी माती आणि पिवळी पाने

पावसाळा सरता सरता पिवळ्या पानांची पत्रे वाढतात. बहुतेकांनी खत घालून पाहिलेले असते आणि झाड आणखीच बिघडलेले असते. खताच्या पिशवीला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा: पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या नव्या पानांवर, आणि मातीचा सामू म्हणजे पीएच किती आहे.

प्रश्न (पर्वरी): जूनमध्ये घरामागची तांबडी माती आणि शेणखत निम्मेनिम्मे घेऊन बारा इंची कुंड्यांत मिरची लावली. चवथीच्या सुमारास खालची पाने पिवळी पडू लागली, शिरा मात्र हिरव्याच. दर आठवड्याला १९:१९:१९ देतो, तरी पिवळेपणा वर चढतोय. काय कमी पडतेय?

उत्तर: मॅग्नेशियम. खालचे एक पान तोडून उजेडासमोर धरा. मधली शीर आणि तिला फुटलेल्या आडव्या शिरा माशाच्या काट्यासारख्या हिरव्या आणि मधली जागा पिवळी दिसली तर शंका उरत नाही. मॅग्नेशियम झाडात फिरते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते, म्हणून पहिली झळ खाली बसते. नत्र कमी असता तर खालचे पान शिरांसकट सगळेच फिकट झाले असते. पालाश कमी असता तर पानाची कड करपली असती.

१९:१९:१९ मध्ये नत्र, स्फुरद, पालाश आहे. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम नाही. त्यातला नत्र बराचसा युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो, आणि मातीत त्याचे नायट्रेट होताना आम्लता वाढते. पालाश जास्त झाला की मुळांना मॅग्नेशियम उचलणेही जड जाते. आपल्याकडची जांभी माती मुळातच आम्ल, त्यात गोव्याचा पाऊस कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन नेतो. थोडक्यात, तुमचे खत दुखणे वाढवत होते. ते आजपासून बंद.

आता सामू मोजा. कुंडीच्या कडेने चार-पाच इंच खोलवरची माती काढा, वरची नको. सावलीत सुकवून चाळा. २० ग्रॅम मातीत ५० मिली डिस्टिल्ड वॉटर घाला. बॅटरीत घालायचे जे मिळते तेच. अर्ध्या तासात चार-पाच वेळा ढवळा, मग गाळ बसू द्या आणि वरच्या पाण्यात पीएच पट्टी बुडवा. पट्टी १ ते १४ ची नको. साधारण ४ ते ८ मधला फरक ठळक दाखवणारी घ्या. डिजिटल मीटर असेल तर आधी ४ आणि ७ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) जुळवून घ्या, नाहीतर त्याचा आकडा फुकट. मातीत खुपसायची बिनबॅटरीची मीटरे आम्ही सुचवत नाही. ओलावा बदलला की त्यांचा काटा बदलतो.

सामू ६ ते ६.८ असेल तर मातीला हात लावू नका. ५.५ च्या खाली असेल तर डोलोमाइटची बारीक पूड बारा इंची कुंडीला १५ ते २० ग्रॅम, वरच्या दोन-तीन इंचांत हलक्या हाताने मिसळा. डोलोमाइटमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात, म्हणून इथे साध्या चुन्यापेक्षा ते बरे. काम सावकाश होते. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजल्याशिवाय दुसरा हात देऊ नका. भिंतीला लावायचा कळीचा चुना जिवंत झाडाच्या कुंडीत कधीच नको, मुळे भाजतात. डोलोमाइट आणि युरिया किंवा ताजे शेण एकाच वेळी घातले तर नत्र अमोनिया होऊन उडून जातो. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

तोवर झाडाला आधार म्हणून मॅग्नेशियम सल्फेट (एप्सम सॉल्ट) ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून उन्हे उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा, दर दहा दिवसांनी असे तीनदा. पिवळी झालेली सगळी पाने पुन्हा हिरवी होतील अशी आशा धरू नका. पिवळेपणा वर चढायचा थांबला की उपाय लागू पडला.

आणखी एक. पाने पिवळी न होता नुसती आक्रसली असतील तर तो खताचा प्रश्न नव्हे. कडा वर वळून पान होडीसारखे झाले तर फुलकिडे, खाली वळले तर कोळी ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड.

प्रश्न (मडगाव): टोमॅटोच्या बुडाला काळा, चपटा, चामड्यासारखा डाग पडतो. बुरशीनाशक दोनदा फवारले, अंड्याची टरफलेही घातली. फरक नाही.

उत्तर: हा रोग नाही, म्हणून बुरशीनाशकाने काही होणार नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढते आणि पाने जास्त पाणी ओढतात म्हणून तिकडेच जाते. फळाच्या वाट्याला उरलेले येते. कुंडी दुपारी कोरडी आणि संध्याकाळी चिंब, असे चालले की मातीत कॅल्शियम असूनही फळ उपाशी राहते. बहुतेक घरांत कारण हेच असते. रोज ठरल्या वेळी पाणी द्या, उन्हाच्या दिवसांत दोनदा. मातीवर सुकी पाने किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा दोन इंच पसरा. एका टोमॅटोला निदान १५ लिटरची कुंडी हवी.

टरफलाचे तुकडे एका हंगामात जवळजवळ विरघळतच नाहीत. मिक्सरमध्ये पिठासारखी पूड केली आणि माती आम्ल असली तरच थोडा उपयोग. डाग पडलेली फळे काढून टाका, ती सुधारत नाहीत.

प्रश्न (फोंडा): कुंपणाच्या नव्या भिंतीलगत अनंत लावला आहे. शेंड्याची पाने पिवळीधमक, शिरा हिरव्या. डोलोमाइट घालू का?

उत्तर: मुळीच नको. चित्र पर्वरीच्या मिरचीसारखे दिसते, पण पिवळेपणा शेंड्याला आहे. तिथे तो तळाला होता. लोह झाडात फिरत नाही, म्हणून त्याची कमतरता नव्या पानांवर उमटते. गोव्याच्या तांबड्या मातीत लोह भरपूर आहे. पण नव्या भिंतीचे सिमेंट, पडलेला गिलावा आणि त्यावरून ओघळणारे पाणी माती अल्कधर्मी करते, आणि सामू ७ च्या वर गेला की अनंताला तेच लोह उचलता येत नाही. भिंतीपासून दीड-दोन फूट माती उकरून गिलाव्याचे तुकडे वेचून काढा आणि तिथे कुजलेले पानखत भरा.

फवारणीला फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम, एक लिटर पाण्यात. आधी ॲसिड, मग फेरस सल्फेट. ताजे द्रावण फिकट हिरवट असते. ते विटकरी झाले की लोह वाया गेले, फेकून द्या. बाटलीत भरून ठेवू नका. मातीतून द्यायचे असेल तर चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेले) घ्या, पण पुडीवर ‘ईडीडीएचए’ लिहिलेले बघून. स्वस्त मिळणारे ‘ईडीटीए’ लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही.

प्रश्न (चोडण): घर खाजनाजवळ (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीजवळ) आहे. एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी घातले की वालाच्या पानांची टोके जळतात, कुंडीच्या कडेला पांढरे साचते.

उत्तर: ते मीठ आहे. टीडीएस पेनने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या पेनने, पाणी तपासा. ४५० पीपीएमपर्यंत काळजी नाही. २००० च्या वर ते पाणी भाजीला देऊच नका. मधल्या आकड्यांत वाल लवकर मान टाकतो. अशा वेळी खत देणे म्हणजे मिठात मीठ. गोड्या पाण्याने कुंडी धुवा: कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओता आणि खालून वाहून जाऊ द्या, बशीत साचू देऊ नका. पांढरा थर वरच्या मातीसकट खरवडून काढा.

प्रश्न (डिचोली): चुलीची राख रोज मिरचीला घातली तर चालेल?

उत्तर: रोज नको. राख सामू झपाट्याने चढवते. माती आम्ल असल्याची खात्री करून महिन्यातून एक मूठ, बस्स.

प्रश्न (काणकोण): भाटातली (बागायतीतली) माती प्रयोगशाळेत द्यायची आहे. नमुना कसा घ्यावा, कुठे द्यावा?

उत्तर: आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखा सहा इंच खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेचा वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा काप काढा. सगळे एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत असेच. सावलीत सुकवा. खताच्या रिकाम्या पिशवीत भरू नका. गोठा, उकिरडा आणि माडाच्या आळ्यातली माती घेऊ नका. माडांसाठी वेगळा नमुना द्या. चुना किंवा खत घातल्यावर निदान दोन महिने थांबा. चौकशी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा मडगावच्या कृषी विज्ञान केंद्रात करा. तपासणीनंतर मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक येतात. त्यांत सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब आधी वाचा, नत्र-स्फुरद-पालाश त्यानंतर. सामू ५.५ च्या खाली आणि स्फुरद कमी आले तर सुपर फॉस्फेटऐवजी रॉक फॉस्फेट घ्या. आम्ल मातीत ते हळूहळू विरघळत पुरते. सुपर फॉस्फेटचा स्फुरद मात्र मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम पटकन बांधून टाकतात.